परदेश प्रवास : दिवसांचा ताळेबंद

बीड जिल्ह्यातील जैन कुटुंबांत परदेश प्रवास ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. कोणाची कन्या लंडनमध्ये आहे, कोणाचा मुलगा न्यू जर्सीत, तर कोणाचे जावई सिंगापुरात नोकरीला आहेत. शिवाय सहल कंपन्यांच्या जाहिराती तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचल्या आहेत. बेत निघाला की घरात पहिली चर्चा होते ती खर्चाची. तिकीट, विमा, व्हिसाचे शुल्क, नातेवाइकांसाठी न्यायच्या भेटी यांचे आकडे रात्री उशिरापर्यंत मांडले जातात. दिवसांचा हिशेब मात्र एका वाक्यात आटोपतो : ‘पंधरा-सोळा दिवस आहेत, पुष्कळ झाले.’ साठी ओलांडलेल्या दांपत्याच्या बाबतीत हा प्रवास बहुधा एकदाच घडतो. गुडघे पुन्हा साथ देतील, दुकानाची सोय पुन्हा लागेल, मुलीची नोकरी त्याच शहरात राहील, याची हमी कोणी देऊ शकत नाही. म्हणून खर्चाच्या आधी दिवस मोजावेत, आणि तेही ढोबळ नव्हे, निव्वळ.

ढोबळ आणि निव्वळ यांतील अंतर बीडकरांच्या बाबतीत जरा जास्तच आहे. पुण्या-मुंबईचा प्रवासी संध्याकाळी घरून निघून रात्रीचे विमान गाठतो. बीडहून मुंबईचा विमानतळ सुमारे चारशे किलोमीटर दूर. रस्त्याचे आठ-नऊ तास आणि विमानतळावरील तीन तास धरले की एक पूर्ण दिवस आपल्याच राज्यात संपतो. जिल्ह्याला विमानतळ नाही. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, अहिल्यानगर ते बीड रेल्वे सुरू झाली आणि कित्येक दशकांची प्रतीक्षा संपली, ही आनंदाची गोष्ट. परंतु परदेशी विमान गाठायचे तर भिस्त अजून रस्त्यावरच ठेवावी लागते. येथे पूर्वेकडील तालुक्यांतील वाचकांना एक गोष्ट सुचवण्यासारखी आहे. परळी किंवा अंबाजोगाईच्या माणसाला नकाशावर हैदराबाद मुंबईपेक्षा जवळ आहे. परळीहून विकाराबादमार्गे तिकडे थेट रेल्वेमार्ग आहे, आणि हैदराबादहून युरोप, आखाती देश व सिंगापूरकडे विमाने जातात. १९५६ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद राज्यातच होता. जुन्या पिढीला ती वाट परकी नव्हती. आज ‘परदेश म्हणजे मुंबईहून’ अशी सवय पडली आहे, एवढेच.

निव्वळ दिवस कसे काढायचे ते एका कल्पित उदाहरणावरून पाहता येईल. बीडच्या सुभाष रोडवर कापडाचा व्यवसाय असलेले एक दांपत्य, दोघांचेही वय पासष्टच्या पुढे. कन्या लंडनमध्ये नोकरी करते. तीन वर्षांत तिची भेट नाही. हाती दिवस सोळा. २०२६ च्या मे महिन्यात जाण्याचे ठरते आणि सवयीप्रमाणे शनिवारी, २३ मे रोजी निघायचे, असा विचार होतो. आता दिनदर्शिका समोर ठेवावी. शनिवार रस्त्यात जाईल, रविवार विमानात. परतीच्या वेळी शुक्रवारी, ५ जूनला लंडन सोडावे लागेल, शनिवारी मुंबई आणि रविवारी बीड. मधल्या काळात कन्येला सुटी असलेले दिवस किती? सोमवार २५ मे हा इंग्लंडात बँक हॉलिडे आहे, तो एक. आणि पुढचे शनिवार-रविवार. एकूण तीन. ज्या मुलीसाठी समुद्र ओलांडायचा, तिच्यासोबतचे मोकळे दिवस तीन!

हेच दांपत्य दोन दिवस आधी, गुरुवारी २१ मे रोजी निघाले तर? शुक्रवारी संध्याकाळी लंडन. शनिवार, रविवार, बँक हॉलिडेचा सोमवार, आणि नंतर ३० व ३१ मे असे पाच दिवस मुलीचे पूर्ण मिळतात. परतीचे विमान बुधवारी ३ जूनला, शुक्रवारी ५ जूनला बीड. दिवस तेवढेच सोळा, तिकीटही दोनच, आणि कन्येच्या सहवासात जवळजवळ दुपटीचा फरक. तो केवळ निघण्याचा वार बदलल्याने पडला.

सोळातून प्रवासाचे दिवस वजा करू गेल्यास जाताना दोन, येताना दोन असे चार तर उघडच दिसतात. पाचवा दिसत नाही. मे महिन्यात लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. दुपारी मुंबईहून निघालेले विमान तेथे संध्याकाळी उतरते. बाहेर लख्ख ऊन असते, पण शरीराच्या हिशेबाने रात्रीचे अकरा वाजलेले असतात. दुसऱ्या दिवशी पहाटे तीनला जाग येते आणि दुपारी बारानंतर डोळे मिटू लागतात. म्हणून पोहोचल्यानंतरचा अर्धा दिवस आणि परतीचे सामान बांधण्याचा अर्धा दिवस असा एक दिवस आणखी वजा करावा. उरले अकरा. हे अकरा हीच खरी शिल्लक, आणि कार्यक्रम तिच्यावरच काढायचा.

आता मोह सुरू होतो. ‘एवढे गेलोच आहोत तर पॅरिस करू, स्वित्झर्लंड करू, जमले तर रोमही.’ मुक्काम बदलण्याचा खर्च अर्धा दिवस धरावा. सामान आवरणे, खोली सोडणे, स्थानक गाठणे, नवी खोली मिळेपर्यंत थांबणे, यात तो हमखास जातो. पॅरिस व स्वित्झर्लंड मिळून सहा रात्री धरल्या तर अकरांपैकी सात दिवस तिकडे जातात. उरलेल्या चारांत लंडन आणि कन्या दोन्ही बसवायचे! त्यापेक्षा कन्या कामावर जाते त्या मधल्या दिवसांत एकच शहर घ्यावे. मंगळवारी २६ मे रोजी युरोस्टार गाडीने पॅरिस. गाडीचा प्रवास सुमारे सव्वादोन तासांचा, पण पासपोर्ट तपासणीसाठी तास-दीड तास आधी पोहोचावे लागते. युरोपच्या सीमेवर १२ ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे व छायाचित्र घेण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, त्यामुळे पहिल्या प्रवेशाला थोडा जास्तच वेळ हाताशी ठेवावा. लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असते आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवारी. या कार्यक्रमात ते दोन्ही अडथळे आपोआप टळतात : बुधवारी लूव्र, जे त्या दिवशी रात्री नऊपर्यंत उघडे असते, गुरुवारी व्हर्साय, शुक्रवारी परत. शनिवार-रविवारी कन्येसह लेस्टर. लंडनहून रेल्वेने सव्वा तासाच्या आसपास. तेथील जैन सेंटर १९८८ साली एका जुन्या चर्चच्या इमारतीत उभे राहिले, आणि आत गेल्यावर कोरीव खांब पाहून आपण अबूच्या वाटेवर आहोत की इंग्लंडात, असा प्रश्न पडावा. लंडनच्या उत्तरेला पॉटर्स बार येथे ओशवाल सेंटरचे शिखरबंदी मंदिरही आहे. उरलेल्या सोमवार-मंगळवारी ब्रिटिश म्युझियम, जेथे प्रवेशाला शुल्क नाही, किंवा नुसती बागेतील विश्रांती. स्वित्झर्लंड या बेरजेत बसत नाही. युंगफ्राउयोखचे स्थानक ३,४५४ मीटर उंचीवर आहे. इंटरलाकेनहून जाणे-येणे व वरचा वेळ धरला तर एक अख्खा दिवस, तोही रक्तदाबाच्या माणसाने डॉक्टरांना विचारूनच काढायचा.

ज्यांचे परदेशी कोणी नाही, ते साहजिकच सहल कंपनीकडे वळतात, आणि त्यात गैर काही नाही. भाषा, जेवण, सामान या तिन्ही चिंता मिटतात. परंतु बारा दिवसांत आठ देश असे पत्रक हाती आले की प्रत्येक दिवसापुढे एकच प्रश्न लिहावा : या दिवसात बसमधले तास किती? युरोपच्या नियमानुसार बसचालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर पाऊण तास विश्रांती घ्यावीच लागते. दिवसाला नऊ तासांहून अधिक चालवता येत नाही, आठवड्यात दोनच वेळा दहा तासांची मुभा असते, आणि रात्रीची विश्रांतीही ठरलेली असते. त्यामुळे ‘मॅनेजरसाहेब, अजून अर्धा तास थांबा ना’ ही आपल्याकडची विनंती तेथे चालत नाही. घड्याळाप्रमाणे बस निघते. आयफेल टॉवरखाली ज्येष्ठ मंडळी स्वच्छतागृहाच्या रांगेत असतात आणि तरुण मंडळी छायाचित्रांत. पत्रकात ‘दर्शन’ आणि ‘भेट’ हे दोन शब्द वेगवेगळ्या अर्थाने वापरलेले असतात, हेही वाचकांनी ध्यानात घ्यावे. ‘दर्शन’ बहुधा बसच्या खिडकीतून होते.

जैन प्रवाशाच्या वेळापत्रकात आणखी एक घड्याळ असते : सूर्याचे. बीडमध्ये जूनचा सूर्यास्त सातच्या सुमारास आणि डिसेंबरचा सहाच्या आधी. वर्षभरातला हा फरक जेमतेम सव्वा तासाचा असल्याने चौविहार पाळणाऱ्या घरात जेवणाची वेळ फारशी हलत नाही. लंडनमध्ये २१ जूनला सूर्य रात्री सव्वानऊनंतर मावळतो, पॅरिसमध्ये दहाच्या सुमारास. दिवसभर फिरून आठ वाजता निवांत जेवले तरी व्रत सांभाळले जाते. उलट सूर्यास्तानंतरचे प्रतिक्रमण उशिरा होते, तेवढी झोप कमी धरावी लागते. डिसेंबरात सारेच उलटते. २१ डिसेंबरला लंडनचा सूर्यास्त चारच्या आधी आणि सूर्योदय आठनंतर. नवकारसी म्हणजे सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटे. ती तेथे जवळजवळ नऊ वाजता येते. सहलीची बस मात्र सकाळी आठला निघते आणि रात्रीचे जेवण सातला असते. दोन्ही वेळा हुकलेल्या माणसाने दुपारच्या एका जेवणावर आठ देश पाहायचे! नाताळच्या सुटीतील स्वस्त दरांनी भुललेल्या अनेक कुटुंबांच्या हे तेथे गेल्यावरच लक्षात येते. ज्यांना हिवाळ्यातच सवड आहे त्यांनी सिंगापूरचा विचार करावा. विषुववृत्ताजवळ असल्याने तेथे सूर्यास्त बारा महिने सातच्या आसपासच असतो, विमानप्रवास साडेपाच तासांचा, आणि घड्याळाचा फरक केवळ अडीच तासांचा. सात दिवसांची सवड असलेल्या व्यापाऱ्याला युरोपपेक्षा तेथे निव्वळ दिवस जास्त मिळतात.

विमानातील चौविहाराचा प्रश्नही मोठा मनोरंजक आहे. मे-जूनमध्ये पश्चिमेकडे जाताना सूर्य सोबतच चालतो. दुपारी निघून लंडनला उतरेपर्यंत तो मावळतच नाही. मग पच्चक्खाण बीडच्या वेळेने घ्यायचे की उतरण्याच्या ठिकाणच्या? ज्याने-त्याने आपल्या गुरुजनांना विचारून हे निघण्यापूर्वीच ठरवावे, कारण सेवकाने ताट पुढे आणल्यावर पती-पत्नींत चर्चा सुरू होणे बरे नव्हे. जैन भोजनाची नोंद विमान कंपन्यांकडे ‘व्ही.जे.एम.एल.’ या संकेताक्षरांनी होते. ती किमान चोवीस तास आधी, आणि विमान बदलायचे असेल तर प्रत्येक टप्प्यासाठी स्वतंत्रपणे झाली आहे ना, हे तपासावे. नुसते ‘शाकाहारी’ लिहिले तर कांदा-बटाटा येणारच. घरून खाखरे, कोरडे ठेपले, भाजलेले मूग न्यावेत. पण पेढे, खवा, तूप नेऊ नये. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाने दुग्धजन्य पदार्थ आणण्यास युरोपीय संघात व ब्रिटनमध्ये मनाई आहे. मुलीसाठी आईने प्रेमाने बांधलेला तुपाचा डबा विमानतळावरच टाकून देण्याची वेळ येते.

निघायचे केव्हा, याचे उत्तर बीडमध्ये धंद्यावर अवलंबून असते. कापसाच्या जिनिंगवाल्यांना दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत मान वर करायला फुरसत नसते. खते-बियाण्यांच्या दुकानदाराने मेअखेर ते जुलै गाव सोडले तर वर्षाचा व्यवसाय बुडाला. कापड व सराफीला लग्नसराई सोडवत नाही. नोकरदारांना मार्चअखेर, आणि सर्वांनाच चातुर्मास. या दृष्टीने २०२६ हे वर्ष विशेष आहे. यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ मास आहे. आपल्याकडे अधिकात लग्ने लागत नाहीत. म्हणजे एरवी मे महिन्यात गल्ल्यावरून न उठणारा कापड दुकानदार, सराफ आणि आचारी महिनाभर मोकळा. शाळांना सुट्या आहेत, युरोपात दिवस मोठे आहेत, वर्षीतपाची पारणी एप्रिलमध्येच झालेली असतात, आणि अधिकामुळे चातुर्मास जुलैच्या अखेरीपर्यंत पुढे गेलेला असतो. एवढ्या गोष्टी एकत्र येण्याचा योग दरवर्षी नसतो.

समुद्रप्रवासाच्या काळात हा विचार कसा होत असेल, याचे एक बोलके उदाहरण जैन समाजाच्याच इतिहासात आहे. १८९३ साली शिकागो येथील सर्वधर्म परिषदेचे आमंत्रण आचार्य विजयानंदसूरी, म्हणजेच आत्मारामजी महाराज यांना आले. साधू वाहनात बसत नाहीत, पायी विहार करतात. समुद्र कसा ओलांडणार? तेव्हा मुंबईच्या जैन असोसिएशन ऑफ इंडियाचे चिटणीस, महुव्याचे वीरचंद राघवजी गांधी, वय अवघे एकोणतीस, यांना पाठविण्याचे ठरले. त्यांनी महाराजांच्या सान्निध्यात राहून तयारी केली आणि आहाराचे नियम सांभाळण्यासाठी स्वयंपाकाची व्यवस्था बरोबर घेतली. परिषद ११ ते २७ सप्टेंबर अशी सतरा दिवसांची. त्या तारखा अढळ होत्या. बाकी सारे त्यांच्याभोवती बेतलेले होते. परिषद झाल्यावर मात्र त्यांनी परतीची घाई केली नाही. अमेरिकेत ठिकठिकाणी व्याख्याने देत ते १८९५ पर्यंत राहिले आणि इंग्लंडमार्गे परतले. जहाजाच्या काळात एवढ्या लांब गेलेला माणूस सतरा दिवसांसाठी जात नसे. आज विमानाने दहा तासांत पोहोचणारा माणूस बारा दिवसांत आठ देश मागतो. त्यांच्यासारखी दोन वर्षे कोणाजवळ नाहीत, परंतु कार्यक्रमातील एक गोष्ट अढळ धरून बाकीच्या तिच्याभोवती बसवणे सोळा दिवसांतही शक्य असते. वरील दांपत्याच्या बाबतीत ती गोष्ट म्हणजे कन्येचे पाच दिवस.

राहिला कागदपत्रांचा वेळ. तो उलट मोजावा. २१ मेला निघायचे तर ब्रिटनच्या पर्यटक व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे धरतात. पॅरिससाठी शेंगेन व्हिसा वेगळा. त्याचा अर्ज सहा महिने ते पंधरा दिवस आधी, निर्णय सामान्यतः पंधरा दिवसांत, क्वचित पंचेचाळीसपर्यंत. ज्या देशात अधिक रात्री राहायचे त्याच देशाकडे अर्ज करावा लागतो, म्हणजे कार्यक्रम आधी पक्का हवा. एका अर्जासाठी पासपोर्ट जमा असला की दुसरा अर्ज थांबतो. बोटांचे ठसे देण्यास स्वतः पुण्याला किंवा मुंबईला जावे लागते, तेव्हा दोन व्हिसांसाठी दोन फेऱ्या आल्या. सारांश, पहिला अर्ज फेब्रुवारीच्या अखेरीस आणि दुसरा मार्चअखेरीस व्हायला हवा. बँकेचे सहा महिन्यांचे विवरण सोबत लागते. अर्जाच्या आठवड्यात भावाकडून, मेहुण्याकडून पैसे घेऊन खाते फुगवण्याची पद्धत आपल्याकडे आहे. पण अचानक वाढलेली शिल्लक पाहून विश्वास वाढत नाही, शंका वाढते. शिल्लक थोडी असली तरी ती नियमित दिसावी.

आणि जैन घरांत हमखास अडणारी आणखी एक बाब म्हणजे नाव. शाळेच्या दाखल्यावर ‘जैन’, आधारवर ‘लोढा’ किंवा ‘बोरा’, आणि बाईंच्या पॅन कार्डावर माहेरचे आडनाव, असे एकाच घरात तीन प्रकार सापडतात. पासपोर्टवर जे नाव आहे तेच तिकिटावर, विम्यावर आणि बँकेच्या खात्यावर अक्षरशः तसेच हवे. दुरुस्तीला प्रतिज्ञापत्र, राजपत्र, पुन्हा नवा पासपोर्ट असे महिने लागू शकतात. तेव्हा मे महिन्यात निघणाऱ्यांनी हा अंक हाती पडताच घरातील सर्वांचे कागद एका टेबलावर मांडून आधी आडनावे जुळवून पाहावीत. तिकिटांचे नंतर बघावे.